तार कापलेली असताना फिरलेला पंखा

अशा सदरांतले अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? करमणूक म्हणून. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाहेरची बाधा, उतारे... यातलं काही आमच्याकडे कधी चाललं नाही. पप्पा वाळूजला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी असतात – सापडलेला फॉल्ट आणि न सापडलेला फॉल्ट. मीही तेच मानत वाढले. म्हणून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरात, मुकुंदवाडीच्या एका गल्लीत. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर माझी एक खोली. मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलं आणि मग पीएचडीच्या मागे लागले. विषय ठरलेला होता. जंगलातल्या वाळक्या फांद्या, करंजाच्या बिया यांपासून इंधन तयार करता येतं. पण किती काढलं तर जंगल टिकेल, आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांचं काय, यावर मला काम करायचं होतं. परदेशातल्या विद्यापीठांना अर्ज करत होते आणि नकार येत होते. शेवटी एका विद्यापीठाने मुलाखत ठेवली आणि घरात ठरलं की ही एक द्यायची. नाही जमलं तर चितेगावच्या कंपनीतली लॅबची नोकरी धरायची. नोकरी वाईट नव्हती. पण माझा जीव तिच्यात नव्हता.

मे महिना, भर दुपार. मुलाखत लॅपटॉपवर होती. लॅपटॉप जुना, बॅटरी पूर्ण गेलेली – चार्जर काढला की स्क्रीन काळी. घरात इन्व्हर्टर नाही. मध्येच वाजू नये म्हणून मोबाइल आईकडे दिला, दार लावलं, कानात इअरफोन घातले. डोक्यावर पंखा फिरत होता, वायफायच्या डब्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

स्क्रीनवर तिघं होते. सुरुवातीला मी अडखळत बोलत होते. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "जंगलातलं वाळकं लाकूड तसंही कुजून जातं. ते आपण उचललं तर बिघडलं कुठं?"

मी म्हटलं, "माझी मावशी कन्नडच्या बाजूला, जंगलाच्या कडेला राहते. तिची चूल त्याच लाकडावर पेटते. आणि जे कुजतं, त्यावरच पुढचं झाड वाढतं. आधी माती, मग मावशीची चूल, आणि उरलं तर कारखाना."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर हे इंधन टिकाऊ नाही, असं लिहायचं. माझ्या पीएचडीचं उत्तर 'नको' असंही निघू शकतं."

बाई हसल्या. त्यानंतर गप्पाच झाल्या म्हणा ना... इतकं मोकळं मी आयुष्यात कधी इंग्रजी बोलले नव्हते.

त्यांनी निरोप घेतला, कॉल बंद झाला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी झाली. पंखा मंद होत होत थांबला. मला वाटलं, नशीब, लाईट आत्ता गेली.

दार उघडलं तर आई जिन्यात उभी, घामाने निथळत. "झालं का गं? बॅटरी पुरली म्हणायची."

"कसली बॅटरी?"

"अगं, तू बसलीस अन् लगेच खांबावर जाळ झाला. केवढा आवाज आला! लाईनमननं येऊन आपली तार कापून टाकली. तुला हाक मारणार होते, पण तू बोलतच होतीस..."

मी खाली धावले. खांबावरून घरात येणारी आमची तार कापलेली होती आणि तिचं वेटोळं गेटवर टांगलेलं होतं. समोरच्या शकीलाखाला त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्या वरूनच म्हणाल्या, "बेटी, पूरे घर की लाइट बंद, और तेरे कमरे का पंखा फिररा था. मैं अपनी आँखां से देखी."

संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले. आधी त्यांनी मला वेड्यात काढलं. मग टेस्टर घेऊन वर गेले. खोलीतला प्रत्येक बोर्ड उघडला, शेजारची एखादी वायर चुकून जोडली गेलीय का ते पाहिलं, मीटरही तपासला. लॅपटॉपची बॅटरी काढून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, ही कधीच मेलीय, फेकून द्या. शकीलाखालांनाही पप्पांनी दोनदा विचारलं. त्यांचं म्हणणं तेच.

"काहीतरी असंल, सापडंल," पप्पा म्हणाले. रविवार आला की पुन्हा काहीतरी उघडून बसायचे.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा आई रडली आणि पप्पा गल्लीभर जिलबी वाटत फिरले. शकीलाखालांनी शेवयांची खीर पाठवली. घर इतकं आनंदात मी क्वचितच पाहिलंय.

परवा सकाळी मी वर गेले तर पप्पा माझ्या खुर्चीवर बसलेले. खालचा मेन स्विच त्यांनी मुद्दाम पाडला होता, पंख्याचं बटण चालू. वर बघत नुसते बसले होते.

"काय झालं पप्पा?"

"काय नाय. फिरत नाय."

मी जवळ जाऊन बसले. विचारलं, "फॉल्ट सापडला नाही म्हणून वाईट वाटतंय का?"

"नाय गं. लई बरं वाटतंय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काम व्हतं, तेवढं झालं. माझ्यासाठी कशाला फिरंल त्यो?"

मग ते खाली जाऊन मेन चालू करून आले. पुढच्या महिन्यात मी निघतेय. तिकडे कुणी विचारलं तर मी जंगलाबद्दल हवं तेवढं बोलेन. पण त्या दुपारी माझ्या खोलीत वीज कुठून आली, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही सांगता येत नाही.