नानांनी टोपी काढली तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. लोकांना जी गोष्ट ठाऊक आहे ती वेगळीच आहे, आणि ती मीच पसरू दिली.

ऐंशीच्या दशकात मी भुसावळला सरकारी क्वार्टरांच्या रंगकामाचे ठेके घ्यायचो. चुना, डिस्टेंपर, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट. काम माझं, माणसं माझी, पैसाही माझाच — नाव मात्र माझ्या थोरल्या भावाचं. नाना अमळनेरकडच्या आमच्या गावी कापूस पिकवायचे. ब्रश त्यांनी उभ्या जन्मात धरला नाही. मग नाव त्यांचं का? अहो, आमच्याकडे तेव्हा पक्की समजूत होती — शेतकऱ्याला कर नाही! सातबारा ज्याचा, त्याच्या नावानं काहीही कमवा, कुणी विचारत नाही. कापसाला कर नाही म्हणून रंगाच्या बादलीलाही नाही? हा प्रश्न मला पडला नाही. की मी पडू दिला नाही? नाना मी सांगेन तिथे सही करत गेले, आणि रिटर्न कुणीच भरले नाहीत.

मग आयकर खात्याची नोटीस आली. माझ्या नाही, नानांच्या नावानं, गावी. पोस्टमननं ती मारुतीच्या ओट्यावर सगळ्यांदेखत वाचून दाखवली. त्या ओट्याचं सांगायला हवं. बांधाचं भांडण असो की भाऊबंदकी, गाव निवाड्यासाठी नानांकडे यायचं. निवाडा देताना ते टोपी काढून मांडीवर ठेवायचे. त्यांचा एकच नियम — ज्याच्या तोंडून एकदा खोटं निघालं, त्यानं या ओट्यावर बसायचं नाही.

मी जळगावच्या वकिलाकडे पळालो. माझी तर पाचावर धारण बसली होती. वकील हसला. म्हणाला, मागचे सगळे रिटर्न एकदम भरू, व्याज-दंड लागेल, धंदा तुमचा आहे हे सरळ सांगून टाका. फार तर हा ठेका जाईल.

हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं. नीट लक्षात ठेवा. पुढे माझी जीभ अडखळणार आहे.

सुनावणीच्या तारखेला मी नानांना घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, हा धंदा तुम्हीच करता? नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. टोपी काढली म्हणजे आता खरंच निघणार! आणि नाना म्हणाले, "हाई बठ्ठं मनंच शे, साहेब."

सगळं माझंच! नाना खोटं बोलले? माझे नाना? पण त्याहून भयंकर सांगू? दुसऱ्याच क्षणी मला हायसं वाटलं. बाहेर आल्यावर मी चहा मागवला, सोबत भजीही. नानांनी चहा तोंडाला लावला नाही.

मागच्या सगळ्या वर्षांचे रिटर्न त्यांच्या सहीनं भरले गेले. पैसे मी दिले — एवढं तरी केलं असं स्वतःला सांगत राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात. कसलं काय! खाल्लं मी, आणि गावात कुजबुज झाली ती नानांवर — निवाडे सांगतो आणि सरकारचा कर बुडवतो. नाना परत कधी ओट्यावर बसले नाहीत. लोक बोलवायला आले की म्हणायचे, गुडघे दुखतात.

पण ते खोटं का बोलले? तुम्हाला वाटेल, भावाच्या मायेनं. हो — पण ती माया मी कशी वापरली ते ऐका. तारखेच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो, त्यांच्या पायाशी बसून रडलो आणि म्हणालो, नाना, खरं कळलं तर मला बेड्या पडतील, पोरं रस्त्यावर येतील. बेड्या! कुणी नाव तरी काढलं होतं का बेड्यांचं? दंड भरून सुटणार होतो मी. मला फक्त तो ठेका सोडायचा नव्हता. क्वार्टरांची नवी ओळ रंगवायला निघणार होती — तेवढ्यासाठी. ती ओळ मी रंगवली. पिवळा डिस्टेंपर होता.

शेवटच्या आजारपणात नाना आमच्याकडेच होते. माझी बायको त्यांना पेज भरवायची. एकदा तिला म्हणाले, "मी जिंदगीम्हा एकच लबाड बोलनू, पन भाऊले जेलमातून वाचाडं." तिनं स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत मला ते सांगितलं. नाना पलीकडच्या खोलीत जागे होते. दार उघडं होतं.

मी कामावर जातो म्हणालो, आणि चपला घातल्या.