रुमाल टाकलेली जागा

धाराशिवच्या कचेरीत गोपाळकृष्णरावांना ‘पेशकारसाहेब’ म्हणणारा आता एकच माणूस उरला होता, आणि त्यांचं दुर्दैव असं की त्यांची तक्रार नेमकी त्याच माणसाविरुद्ध होती.

पेशकार हा शब्द निजामाच्या राजवटीबरोबर गेला. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या उजव्या हाताला बसून मिसली, म्हणजे प्रकरणांचे कागद, वाचून दाखवायच्या, कोणती फिर्याद आज पुढं यायची आणि कोणती बस्त्यात झोपायची हे ठरवायचं, असा तो मान होता. गोपाळकृष्णराव मूळचे तुळजापूरचे. घरात संध्या आणि सप्तशती, शाळेत मात्र उर्दू. त्या भाषेत त्यांनी हैदराबादेस अशी परीक्षा दिली होती की मौलवीसाहेबांनी उठून पाठ थोपटली. पुढं पोलीस ॲक्शन झाली तेव्हा घरावर तिरंगा लावण्यात ते कुणाच्या मागं राहिले नाहीत, आणि छप्पन्न साली जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा पेढेही त्यांनी आनंदानंच खाल्ले. पेढ्याची चव तोंडात होती तोवर नव्या श्रेणींचा हुकूम आला. मराठी-इंग्रजी टिप्पणीची खात्याची परीक्षा जो देईल तो वर, जो देणार नाही तो खाली.

ज्या कचेरीच्या भिंतींना आपला आवाज पाठ आहे, तिथं शेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या रांगेत बसून पेपर लिहायचा, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली. ते परीक्षेला बसले नाहीत. सोमलिंग बसला.

सोमलिंग नळदुर्गकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरीला लागला तेव्हा त्याला बस्त्याची गाठही मारता येत नव्हती. ती गोपाळकृष्णरावांनी त्याचा हात धरून शिकवली. परीक्षेचा निकाल लागला आणि तोच सोमलिंग वरच्या टेबलाशी गेला. गोपाळकृष्णराव खिडकीपाशी, कनिष्ठांच्या ओळीत आले. नव्या श्रेणीच्या हुकमाखाली ‘मान्य’ असा शब्द लिहून सही करायची होती. ती त्यांनी केली नाही. त्याऐवजी अर्ज केले, अर्जांची स्मरणपत्रं केली, स्मरणपत्रांच्या नकला जोडून पुन्हा अर्ज केले. दोन वर्षांनी मुंबईहून बोलावणं आलं. ज्येष्ठतेच्या वादाची सुनावणी होती. दोघांनी समक्ष हजर राहावं, जो येणार नाही त्याचं काही म्हणणं नाही असं समजलं जाईल. निकाल लागेपर्यंत दोघांचाही दर्जा सारखाच धरलेला, म्हणून सरकारी खर्चानं दोघांनाही पहिल्या वर्गाचं तिकीट मिळालं.

त्या तिकिटानं गोपाळकृष्णरावांची मान दोन वर्षांत प्रथमच ताठ झाली. शारदाबाईंनी काळा कोट उन्हात घालून झटकला, दशम्या आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून दिली. सुनावणीपेक्षा शारदाबाईंचा नवरा ज्या डब्यातून जाणार त्याचंच शेजारणींना जास्त कौतुक होतं.

येडशीच्या फलाटावर सोमलिंग आधीच येऊन थांबला होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पेशकारसाहेबांची ट्रंक स्वतः उचलायला पुढं झाला. गोपाळकृष्णरावांनी ती हमाल लिंबाजीच्या डोक्यावर दिली. पुढं गाडी येईपर्यंत दोघं एकाच बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर सोडून, रामलिंगाच्या डोंगराकडं बघत बसले.

लातूरकडून छोटी गाडी आली ती भरून. स्टेशनमास्तर, जात्या सभ्य माणूस, ओशाळून त्यांच्याकडं आला. वरच्या कुठल्याशा कचेरीनं असतील त्याहून जास्त जागा वाटल्या होत्या. पहिल्या वर्गाच्या डब्यात दोघांत मिळून एकच जागा शिल्लक होती. एकानं तिसऱ्या वर्गात जावं, खालचा वर्ग मान्य असल्याचं लिहून द्यावं, म्हणजे भाड्यातला फरक परत मिळेल. एवढं सांगून त्यानं हिरवं निशाण काखेत धरलं आणि सहज विचारलं, “तुमच्यात वरिष्ठ कोण? त्यांनी पहिल्यात बसावं.”

ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन माणसं सरकारी खर्चानं मुंबईस निघाली होती, तो असा फलाटावरच पुढ्यात आला.

“हे,” सोमलिंग म्हणाला. “पेशकारसाहेब वरिष्ठ. मी तिसऱ्यात बसतो.”

“मिटलं की मग,” लिंबाजी ट्रंक सावरत म्हणाला.

दोन वर्षं अर्जांतून जे वाक्य गोपाळकृष्णरावांनी सरकारच्या तोंडून काढू पाहिलं होतं, ते चारचौघांत, कुणी न मागता, प्रतिपक्षाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. सोमलिंगनं डब्यात चढून खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर आपला धुतलेला रुमाल टाकला आणि खाली उतरून दार धरून उभा राहिला.

गोपाळकृष्णरावांनी पायरीवर पाय ठेवला आणि तिथूनच विचारलं, “सोमलिंग, हेच वाक्य उद्या साहेबांसमोर बोलाल?”

सोमलिंग खाली बघू लागला. इंजिनाची वाफ दोघांमधून गेली.

“ते न्हाय जमायचं, पेशकारसाहेब,” तो हळूच म्हणाला. “गाडीतली जागा मागा, आत्ता देतो. कचेरीतली न्हाय देता यायची. मला घर हाय. आन् परीक्षा मी दिली, तुमी न्हाय दिली.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना. पाय पायरीवरून खाली आला.

आता काय करायचं? बसावं, तर सोमलिंगनं फेकलेल्या तुकड्यावर समाधान मानल्यासारखं होणार. ज्याची जागा उपकारानं घेऊन आलो, त्याच्याशी उद्या हक्कानं कसं भांडायचं? तिसऱ्या वर्गात जावं, तर ‘खालचा वर्ग मान्य’ हे शब्द स्वतःच्या हातानं लिहायचे; म्हणजे मुंबई राज्याला जे दोन वर्षं दिलं नाही, ते येडशीच्या स्टेशनमास्तराला देऊन टाकायचं. स्टेशनमास्तरानं समजावलं की हा फक्त प्रवासाचा प्रश्न आहे, नोकरीशी याचा काही संबंध नाही. पुढची गाडी उद्या याच वेळेला, तेव्हा सुनावणी आटोपलेली असेल. गोपाळकृष्णरावांनी त्याला उत्तर दिलं ते शुद्ध, घोटीव मराठीत, अर्जातल्यासारखं: त्यांना त्यांच्या तिकिटाप्रमाणे, त्यांच्या हक्काची, कुणाच्याही मेहेरबानीवाचून जागा मिळावी, अन्यथा ते जागचे हलणार नाहीत.

स्टेशनमास्तरानं असहायपणे गार्डाकडं पाहिलं. लिंबाजीची मान ट्रंकेखाली दुखू लागली होती.

“साहेब,” तो म्हणाला, “दोनच दारं हायेत. ह्यात चढा न्हायतर त्यात चढा. फलाट काय मुंबईला जात न्हाय.”

पलीकडच्या डब्यातली माणसं हसली. त्या हसण्यानं गोपाळकृष्णरावांचा उरलासुरला विचार थिजला. त्यांनी लिंबाजीला ट्रंक खाली ठेवायला सांगितलं. शिट्टी झाली. सोमलिंग धावत जाऊन तिसऱ्या वर्गात चढला, आणि गाडी हलली तशी दारातून हात पुढं करून एकदा म्हणाला, “या, पेशकारसाहेब. उशीर नका करू.” त्याच्या स्वरात कुठंही उपहास नव्हता. असता, तर गोपाळकृष्णराव कदाचित चढले असते.

मग पहिल्या वर्गाची खिडकी त्यांच्यासमोरून सावकाश गेली. आत चार माणसं अंग चोरून बसली होती. पाचव्या जागेवर रुमाल होता. टाकलेला रुमाल कुणी उचलत नाही, ही आपल्याकडची रीत. ती जागा तशीच रिकामी पुढं गेली.

दिवेलागणीला ते घरी पोचले. शारदाबाईंनी आधी त्यांच्याकडं, मग दशम्यांच्या न सोडलेल्या फडक्याकडं पाहिलं. “गाडीत जागा न्हवती का?” त्यांनी विचारलं.

“होती.”

“मग?”

फारसी-उर्दू, संस्कृत आणि मराठी येणाऱ्या त्या माणसानं काळा कोट काढून खुंटीला लावला. शारदाबाईंनी फडकं सोडलं आणि दशम्या ताटात वाढल्या.

निकाल महिन्याभरात आला. अर्जदार गैरहजर राहिल्यामुळे त्यांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून मूळ हुकूम कायम. ज्यांनी दोन वर्षं दुसरं काहीच केलं नव्हतं, फक्त म्हणणं मांडलं होतं, त्यांना काही म्हणायचंच नव्हतं, असं सरकारनं ठरवलं.

पुढं सोमलिंग आणखी वर गेला. त्याच्या टेबलावर मिसली घेऊन जायचं काम गोपाळकृष्णरावांकडं आलं. ते आत आले की सोमलिंग अजून उठून उभा राहायचा, समोरची खुर्ची स्वतः ओढून द्यायचा आणि म्हणायचा, “बसा, पेशकारसाहेब.” त्यांच्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यानं ही रीत मोडली नाही. गोपाळकृष्णरावांनीही आपली मोडली नाही. गुडघे दुखायला लागल्यावरही ते त्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या उभ्याच मिसल वाचून दाखवत, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत सोमलिंगही उभाच राहत असे.