अर्ध्या पिवळ्या कार्डाची माणसं

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, मास्तरनं नाही, सख्ख्या भावानंही नाही! माझा राजू सात वर्षांचा असताना हातपाय दुखतात म्हणून दिवसदिवस लोळायचा. मास्तर म्हणाले, "रंजनाबाई, पोरगं नाटक करून राह्यलं. शाळा चुकवाचे धंदे!" मी चौथी पास. मास्तरपुढं काय बोलणार? बोलले तरी! म्हटलं, "मास्तर, नाटक करणाऱ्याचे डोळे पिवळे होत नाहीत."

पुढं चंद्रपूरला रक्त तपासलं. सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. रिपोर्ट घेऊन गावभर फिरले, तर लोक म्हणे, चौथी शिकलेली बाई रक्ताच्या गोष्टी सांगते!

मग आमच्यासारख्या घरांसाठी सिंदेवाहीत एका खोलीत संस्था उभी राहिली. तपासायला एक डॉक्टरसाहेब, रजिस्टर लिहायला शोभा आणि भांडायला मी. किस्से असे साचलेत, जसे तेंदूच्या हंगामात पानं मोजून घ्यायच्या फळीवर पानांचे पुडे. आता सांगताना हसू येतं. तेव्हा नुसतं डोकं फिरायचं.

शोभाचं आधी सांगून टाकते. तिची पिंकी सिकलसेलची. सासूचं एकच पालुपद: "आमच्या घरात असं रक्त नव्हतं. हिनंच आणलं." त्या वर्षी धान कापून झालं की शोभाला कायमचं माहेरी धाडायचं आणि विलासला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दुसरी बायको करायची असं घरात ठरत आलं होतं. चार तालुक्यांतल्या घरांना समजावणारी बाई, अन् तिच्या घरात तिचंच कोणी ऐकेना!

* * *

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. माणूस सोन्यासारखा, पण फळा दिसला की आवरत नाही.

मुलचेऱ्याकडच्या एका गावात त्यांनी फळ्यावर गोल काढला. "ही चांगली रक्तपेशी." शेजारी विळा काढला. "आणि ही आजारात अशी विळ्यासारखी होते. मग ती नसेत अडकते, म्हणून दुखतं." बाया माना डोलवत होत्या. मी म्हटलं, चला, एकदाचं समजलं!

तिसऱ्या दिवशी त्या गावचा एक शेतकरी तणतणत आला. "बाई, काय सांगून आल्या वो तुम्ही? धान उभा आहे अन् एकबी बाई विळ्याले हात लावून नाई राह्यली! म्हणते, रक्तात जाते!"

डॉक्टरसाहेब कपाळाला हात लावून बसले. ते बसले, म्हणून मला उठावं लागलं. गेले, पदर खोचला, त्याच्या धानाच्या बांधीत उतरले आणि सगळ्यांदेखत अर्धा दिवस धान कापलं. "पाहा, काही झालं मले?"

एका म्हातारीनं जवळ येऊन माझा डोळा बोटानं ताणून पाहिला. म्हणाली, "तुले काय होते? तुले तर अगोदरच आहे!"

* * *

गडचांदूरच्या शिबिरात रक्ताच्या नळ्या ठेवायला फ्रीज मिळेना. रहीमभाईंनी आपल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. वर म्हणाले, "बहनजी, बेफिकर रहो." आणि स्वतःच्या हातानं कागद चिकटवला: "ये बेचने का नहीं है."

दुसऱ्या दिवशी नळ्या न्यायला गेले तर दुकानात ही बोंबाबोंब! दोन ट्रक ड्रायव्हर अडून बसलेले. "बड़े लोगों के लिए छुपा के रखा है क्या? हमको भी वही लाल वाला दो!" रहीमभाई घामाघूम.

मी पिशवीतून सुई काढली. "देते ना! बाही वर करा. आधी तुमचंच काढते, मग प्या!"

ट्रकचा धूर तेवढा दिसला.

* * *

आमची कार्डं तीन. रक्त साफ असेल तर पांढरं. आजारी असेल तर पूर्ण पिवळं. आणि ज्याला स्वतःला त्रास नाही, पण जो लेकरांना देऊ शकतो, त्याला अर्धं पिवळं. अर्ध्यानं अर्ध्याशी लग्न केलं तर पोटी पूर्ण पिवळं येऊ शकतं. हे मी किती वेळा सांगितलं असेल, माझ्या घशाला विचारा.

एकदा एक बाप पेढे घेऊन आला. मुलाला अर्धं कार्ड मिळालेलं. खूप खूश! "बाई, पोराले अर्धं तर भेटलं. बाकीचं अर्धं कवा भेटते? कोण्या साहेबाले भेटा लागते काय?"

शोभा रजिस्टरवर डोकं टेकून हसली. खूप दिवसांनी हसली. डोकं वर केलं तेव्हा मात्र डोळे पुसत होती.

* * *

मदत देणाऱ्या मुंबईच्या एक मॅडम आल्या. आल्या आल्या विचारतात, "पेशंट कुठे आहेत?" मी अंगणात कबड्डी खेळणारा राजू दाखवला.

"हा? हा तर आजारी वाटत नाही!"

म्हटलं, आज बरा आहे. बरा असला की खेळतो. पण त्यांना फोटो पाहिजे. राजूला खाटेवर झोपवलं, अंगावर चादर घातली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही बाजूला बसून थोडं रडाल का?"

"मॅडम, सकाळी पाणी भरता भरता रडून झालं. आता दुपारच्याला टाईम नाई!"

* * *

धान कापून झालं. शोभाची पेटी ओसरीवर येऊन बसली.

विलासचं रक्त तपासा म्हणून मी घसा कोरडा करत होते. पोर पूर्ण पिवळं, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेलं, यात शंकाच नाही. सासू म्हणे, "माह्या पोराले सुई लावाची नाई!" शेवटी विलासच्या मामाला गाठलं. दुसरी सोयरीक तोच जमवत होता. म्हटलं, "विलास साफ निघाला तर शोभाची पेटी मी स्वतः डोक्यावर घेऊन स्टँडवर नेते." तेव्हा कुठं विलास शिबिरात रक्त देऊन गेला. त्या दिवशी मी गडचिरोलीला होते आणि शोभा पिंकीपाशी. रक्त काढणारा नवीनच होता.

रिपोर्ट आला. अर्धं पिवळं! भरल्या बैठकीत मी कार्ड टाकलं. "घ्या! आता याले कोणाच्या माहेरी धाडता?"

विलास ताडकन उठला. "ते रक्त माह्यं नाईच! मी गजाननले पाठवलं होतं!"

गजानन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, कोपऱ्यात जेवत होता. हातातला घास हातातच. "अबे दादा, मंग अर्धा मी आहो काय?"

मामा चप्पल शोधू लागला. मी दारातच बसले. "घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतल्याबिगर मी उठत नाही!"

पंधरा दिवसांनी कार्डं घेऊन गेले. विलास, अर्धं पिवळं. सासू, अर्धं पिवळं. सासरा, पांढरंशुभ्र. मामा म्हणाला, "दुसऱ्या बायकोची गोष्ट आता सोडा." शोभानं पेटी उचलली आणि आत नेली.

सासू आपलं कार्ड उलटंसुलटं करून पाहत होती. मला दया आली. म्हटलं, "मावशी, यात कोणाचाच दोष नाही. पिढ्यानपिढ्या आलेलं रक्त आहे."

"असं कसं कोणाचा नाई?"

तेवढ्यात सासऱ्यानं पांढरं कार्ड हवेत नाचवलं. "पाहा! या घरात साफ मी एकटाच!"

ती उठून उभी राहिली. "साफ आहे म्हणते! मले पाहाले कोण आलं होतं? दोन वाट्या खीर खाऊन पोरगी पसंत आहे म्हणणारा कोण? मी काय आपल्या पायानं आली होती या घरात?"

डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्याकडं बोट केलं. चाळीस वर्षांत जे कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते काढलं.

"लिहा, रंजनाबाई. ज्यानं आणलं त्याचं नाव लिहा तुमच्या रजिस्टरात. महादेव!"