पाणी गळणारे कोरडे डोळे

"डोळे कोरडे पडलेत," डॉक्टर म्हणाले, आणि मला हसूच आलं. रुमाल भिजेपर्यंत डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हे कोरडे म्हणतात! दृष्टी जाणार, हेच ऐकायची तयारी करून मी सुरतेच्या त्या दवाखान्यात सकाळभर बाकावर बसलो होतो.

मी साड्यांची डिझाइनं काढतो. तेव्हा कापडाच्या धंद्यात नुकते कॉम्प्युटर येत होते. आम्ही खानदेशातले, राहायला सुरतेच्या लिंबायत भागात. घरात माग सोडून दुसरं काम करणारा मी पहिलाच. वडील आमच्या ऑफिससमोरच्याच कारखान्यात माग चालवायचे.

पडद्यावर बारीक चौकटी भरत जायचं. एक चौकट चुकली की तो दोष साडीभर उतरतो. रंग खरे दिसावेत म्हणून शेठनी खिडकीला काळं कापड ठोकलं होतं, आणि मशीन तापू नये म्हणून लावलेला एसी थेट माझ्या तोंडावर. मला त्याचाही तोराच होता! बाहेर लोक घामाने निथळताहेत आणि मी आपला स्वेटर घालून बसलोय.

आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटे. मग कपाळ ठणकू लागलं. आठवड्यात एकदा कारखान्यांची वीज बंद असे, त्या दिवशी मात्र बरं वाटे. आईने गुलाबपाणी घातलं. मी वडिलांचा जुना चष्मा लावून पाहिला, तर डोकं आणखीच उठलं.

एका संध्याकाळी काम सुटल्यावर गल्लीत कुणीतरी हात करताना दिसलं. चेहरा पुसट. मी तसाच पुढे निघालो. मागून वडिलांचा आवाज आला, "काय रे, बापले बी वयखं नही?" सख्ख्या बापालाच ओळखलं नाही म्हणून मी पार हादरलो. डोळे गेले तर हे काम जाणार, आणि मागावर तरी आंधळ्याला कोण ठेवणार?

डॉक्टरांनी डोळा बधिर करणारा थेंब टाकून खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. ती जेमतेम ओली झाली. याला म्हणतात 'ड्राय आय'. डोळ्यावरचा ओलावा सुकतो, डोळा चुरचुरतो, म्हणून पाणी सुटतं, पण ते टिकत नाही. शिवाय सारखं जवळचं बघून आतले स्नायू थकलेले, तो 'आय स्ट्रेन'. "पलक झपकाना ही भूल गए हो, भाई," ते म्हणाले. खरंच होतं. चौकट चुकेल या भीतीने मी पापणी मिटतच नव्हतो. नजर शाबूत आहे म्हटल्यावर मला तिथेच रडू फुटलं.

उपाय साधे. डोळ्यांत थेंब, एसीचं तोंड दुसरीकडे, आठवणीने पापण्या मिटायच्या आणि मधूनमधून लांब बघायचं. लांब बघायचं तर खिडकी हवी. "कलर बराबर नथी देखाता," शेठ कुरकुरले. शेवटी कापडाचा सरकता पडदा केला. रंग ठरवताना ओढायचा, एरवी उघडा.

तुमचंही काम असं असेल तर पाणी येतंय म्हणून निर्धास्त राहू नका, आणि दुसऱ्याचा चष्मा तर मुळीच लावू नका. मला बरं व्हायला काही महिने लागले. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

पडदा पहिल्यांदा सरकवला त्या दुपारी वडील समोर कारखान्याच्या दारात चहा पीत उभे होते, आणि याच खिडकीकडे बघत होते. नंतर कळलं, इतके दिवस ते त्या काळ्या कापडाकडे बोट दाखवून सोबत्यांना सांगायचे, "मन्हा पोऱ्या तठे बठस."

त्यानंतर लांब बघायची वेळ झाली की मी त्या दाराकडे बघायचो. एके दिवशी त्यांच्या खांद्यावर अडकलेला पांढरा दोराही मला खिडकीतून दिसला.