पाहुण्यांसाठी राखलेला हापसा

दुष्काळाच्या त्या वर्षी जामखेडकडच्या आमच्या गावात हापसा आला, तो परदेशातल्या लोकांच्या मदतीनं. त्यांचं बोअरचं मशीन दोन दिवस घरघरलं आणि मारुतीच्या देवळामागं पाणी लागलं. आम्ही राहायचो गावापासून दोन मैलांवर, माळावरच्या वस्तीत. तिथली विहीर ठणठणीत कोरडी. नगरच्या ऑफिसातल्या साहेबांनी शब्द दिला होता, की परदेशी पाहुणे येऊन बघतील, लोक हापसा वापरताहेत असं दिसलं तर दुसरा बोअर तुमच्या वस्तीवर. माझी धाकटी जाऊ पोटुशी होती, सहावा लागलेला, आणि रोज गावातल्या हापशावरून डोक्यावर दोन घागरी घेऊन तीन-तीन खेपा करायची. मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं, फक्त तो बोअर हवा होता.

पाहुणे आठ दिवसांनी येणार असा निरोप आला आणि सरपंचांच्या अंगात आलं. सरपंच म्हणजे माझे चुलत सासरे, मी त्यांना मामा म्हणायची. त्यांनी हापशाभोवती बोराट्यांचं काटेरी कुंपण लावलं. ओटा धुतला, दांडा रंगवला, वर हार घातला आणि फर्मान काढलं, "पाव्हनं येऊन जाईस्तवर कुनी हात लावायचा न्हाई. चिखल व्हतो. पाव्हन्यांना नवाकोरा दिसला पायजे."

घ्या! पाण्यासाठी दिलेली वस्तू, आणि ती पाण्यापासूनच वाचवायची. आठ दिवस आम्ही बायका ओढ्यातल्या झिऱ्यावर बसून वाटीवाटीनं घागर भरत होतो. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. माझं टाळकं फिरलं होतं, पण सुनेनं सरपंचाशी भांडायचं म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईलाच कळेल.

आणि मला भीती वेगळीच होती. हापसा बसवणारा फिटर जाताना सांगून गेला होता, आत चामड्याचं वायसर असतं, ते सुकलं की आकसतं आणि पाणी वर येत नाही. तसं झालं तर वरून घागरभर पाणी ओता, चामडं फुगेल. हे त्यानं सांगितलं आम्हा बायकांना, कारण गावातले कारभारी तेव्हा देवळात पान खात बसले होते.

पाहुणे आले. एक उंच गोरे गृहस्थ, एक पिकल्या केसांची बाई आणि बरोबर नगरचे साहेब. माझ्याकडे स्वागताचं काम, म्हणजे हातात पाण्यानं भरलेली घागर, त्यांच्या पायांवर घालायला. त्या बाईनं स्वागताआधीच पदर खोचावा तसा स्कर्ट सावरला आणि सरळ हापशाचा दांडा धरला. खडखड, खडखड. थेंब नाही. तिनं दहा-बारा वेळा मारला.

तिनं साहेबांना काहीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "रोज किती बायका पाणी नेतात, विचारताहेत."

मामा छाती फुगवून म्हणाले, "आठ दिस कुनाला शिवू दिला न्हाई, साहेब. खास तुमच्यासाठी राखून ठिवलाय."

साहेबांनी ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं की काय, देव जाणे. बाईनं कोरड्या ओट्याकडं पाहिलं, वहीत दोन ओळी लिहिल्या. मी पुढं होऊन म्हणाले, "मामा, ह्यात वरनं पानी वतायला पायजे."

"तू गप गं! पाव्हन्यांपुढं शानपना करू नगंस. पायांवर पानी घाल."

आणि मी घातलं! अहो, बूट होते त्यांच्या पायांत. मी अख्खी घागर त्या बुटांवर ओतली आणि पाणी मातीत जिरताना बघत उभी राहिले. ओरडायला हवं होतं. त्या बाईचा हात धरून थांबवायला हवं होतं. पण तेवढ्यात पाहुणे चढले आणि जीप सुरूही झाली.

जीप गेल्यावर मी झिऱ्यावरची दुसरी घागर आणली आणि कुणाला न विचारता हापशात रिकामी केली. थोड्या वेळानं दांडा जड लागला आणि धो धो पाणी आलं. मामा आनंदानं म्हणाले, "बगा, चालतुय की!" मला वाटलं घागर त्यांच्याच डोक्यात घालावी.

महिन्याभरानं बोअरचं मशीन आमच्या माळावरच्या रस्त्यानं आलं. आम्ही दोघी जावा पाणी घेऊन परतत होतो. सातवा लागलेली जाऊ, डोक्यावर दोन घागरी, मशीनला वाट द्यायला रस्त्याखाली उतरली. मशीन थांबलं नाही, पुढच्या गावाकडं निघून गेलं. तिच्या तोंडावर धुरळा बसला होता.

"अक्का, हे आपल्याकडं यायचं हुतं ना?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "पुढल्या खेपंला येतंय."