पुरख्यांचा वाटा

होळी होऊन गेली होती. पहाटे अजून अंगाला गारवा लागायचा, पण ऊन वर आलं की डोकं भाजायचं. म्हणून कलाबाई उजाडायच्या आधीच टोपली घेऊन मोहाखाली पोचली होती. वाकून वाकून तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला, आणि तिचा नवरा झाडू पलीकडे उकिडवा बसून एकच फूल बोटांत फिरवत होता.

"वेच ना गा," ती म्हणाली. "का वास घेऊन राह्यला?"

झाडूनं गुपचूप फूल टोपलीत टाकलं. जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणतात. मोहाच्या झाडाला ते कोणी सांगितलेलं नाही. झाडूची दारू सुटली होती दिवाळीपासून. त्याआधी पावसाळ्यात तो पिऊन धानाच्या बांधीच्या चिखलात रात्रभर पडला, तेव्हाच कलाबाईनं बजावलं होतं : पुन्हा एक घोट घेतलास तर मी प्रियाकडे माजरीला जाते, तू आणि तुझी कोंबडी रहा इथी. पोरगी खाणीच्या चाळीत राहते, आईला ठेवून घ्यायला तयारच होती.

दारू सोडणाऱ्यांची बैठक ब्रह्मपुरीत भरते, असं दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं. ती शोधण्यात कलाबाईची अर्धी चप्पल झिजली. पहिल्यांदा जीपमध्ये कोंबून, वैनगंगा ओलांडून गेले तर वार चुकलेला. दुसऱ्यांदा वार बरोबर, पण खोलीला कुलूप. किल्लीवाला लग्नाला गेलेला. तिसऱ्यांदा बैठक सापडली, झाडू आत बसला आणि तासाभरानं बाहेर आला तो तोंड वाकडं करून. तिथं म्हणे एकेक जण आपलं दुःख सांगतो आणि बाकीचे मुके बसतात. झाडूच्या गावात माणूस बोलला की चौघांनी "होय गा" म्हणायचं असतं. न म्हणणं म्हणजे अपमान. तिथं कोणी हुंकारसुद्धा दिला नाही, म्हणून झाडू नाव सांगून थांबला तो थांबलाच. कलाबाईनं कपाळावर हात मारला. तरी जात राहिले. आता मोहाचा हंगाम आला, जीपसाठी दिवस मोडणं परवडेना, तेव्हा ती बैठक चालवणारा नूर मोहम्मद स्वतःच म्हणाला, मी येतो तुमच्याकडे.

नूर मोहम्मद गाद्या-रजया भरणारा माणूस. एके काळी पिऊन स्वतःच्याच दुकानासमोर लोळायचा, हे तो कोणालाही हसत सांगे. आज दुपारी तो मोटारसायकलवरून आला. अंगणातल्या मांडवाखाली चटई टाकली होती. गावातले आणखी दोघे, कलाबाईनं घरी जाऊन हात धरून आणलेले, खाली मान घालून बसले होते.

तेवढ्यात गावाच्या पूजा-रिती सांभाळणारा म्हातारा झिंगू आला. काखेत वाळल्या भोपळ्याचा तुंबा.

कलाबाईला वासावरूनच कळलं. "हे काऊन आणलं, बाबा?"

झिंगूला प्रश्नच समजला नाही. बैठक आहे, बाहेरगावचा पाहुणा आहे. पुरख्यांना, गेलेल्या वाडवडलांना, दिल्याशिवाय बैठक कशी बसेल? ज्याच्या अंगणात बैठक, त्यानं आधी जमिनीवर थेंब सोडायचे, मग पहिला घोट आपण घ्यायचा आणि द्रोण पुढे द्यायचा. आजवर असंच झालंय. त्यानं तुंबा झाडूपुढे ठेवला, पानाचा द्रोण वर ठेवला आणि ऐसपैस मांडी घातली.

कलाबाईनं नूर मोहम्मदकडे पाहिलं. हा शहाणा तरी काही बोलेल.

"मी काय बोलू, बाई," तो हळूच म्हणाला. "पुरखे तुमचे हायेत."

एवढ्या लांबून आला, पेट्रोल जाळलं, आणि बोलायच्या वेळी हा पण मुका. कलाबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता लुगड्याचं गाठोडं बांधावं.

झाडूनं तुंबा उचलला. त्यानं जमिनीवर थेंब सोडले. मग थांबला. त्यानं द्रोणाकडे पाहिलं. मग त्यानं तुंबा आणखी तिरपा केला. धार लागली. मातीवर ओघळ झाला, चटईच्या काठापर्यंत आला.

"अरे, थेंब देतेत, थेंब," झिंगू ओरडला.

"माह्या वाट्याचंबी त्याईलेच देऊन राह्यलो, बाबा," झाडू म्हणाला. "मी आपल्या हिश्शाची कवाच पेलो."

झिंगूनं तुंब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पुरख्यांना देणाऱ्याचा हात धरता येत नाही, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. तुंबा रिकामा झाला. झाडूनं तो पालथा ठेवला, हात पुसले आणि नूर मोहम्मदनं विचारायच्या आतच सुरू केलं.

"मी झाडू. मी दारुडा आहो."

"होय गा," झिंगू म्हणाला. "साऱ्या गावाले माहीत हाय."

"बायकोले लय तरास देल्लो."

"होय गा," मान खाली घालून बसलेले ते दोघेही म्हणाले. नूर मोहम्मदनं गप्प ऐकायचा नियम सांगायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. झाडू बोलत राहिला. चिखलातली ती रात्रही त्यानं सांगितली.

शेवटी झिंगूनं रडक्या तोंडानं विचारलं, पुढची बैठक माझ्या घरी झाली तर मलाही सारा तुंबा ओतावा लागेल का?

"तुंबा आणूच नको ना, बुढ्या," कलाबाई म्हणाली. "पुरख्याईले पाणी चालत नाई का?"

त्यावर गावच्या चौघांचा वाद पेटला, आणि तो संध्याकाळपर्यंत चालेल हे तिला दिसत होतं. बकऱ्या केव्हाच्या तहानेनं ओरडत होत्या. तिनं पाण्याचे दोन्ही गुंड उचलले आणि हापशीकडे चालू लागली.