काकांचं आमेन

केशोरीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना चालवणारे नवे स्वयंसेवक तयार करायला मी कुडव्याहून जातो, आणि दरवेळी तिथले एक काका माझं डोकं उठवतात. कोणी प्रार्थनेला तोंड उघडलं, की दुसऱ्याच वाक्यावर यांचं खणखणीत आमेन पडतं. संपली प्रार्थना.

"काका, काऊन थांबवता?"

"लोकं उपाशी बसून राहिले जी."

गेल्या रविवारी मी काकांना बजावलं, आज तोंड उघडायचं नाही. कधीच न बोलणाऱ्या एका ताईला प्रार्थना करायला सांगितलं. ती सुरू झाली, ती थांबेचना. प्रभूकडे तेच तेच मागत राहिली. शेवटी डोळे उघडून कळवळली, "काका, म्हणा नं आता आमेन."

काका हात जोडून परवानगीसाठी माझ्याकडे बघत बसले. मग सगळी मंडळीच बघायला लागली.